अक्षरी रुपये, फक्त

अकोल्याच्या टिळक रोडवरून किंवा अमरावतीच्या कॉटन मार्केटकडच्या रस्त्यांवरून दुकानांच्या पाट्या वाचत गेलं, की एक खूण सारखी भेटते: &. अमुक & सन्स, तमुक & ब्रदर्स, फलाणा ट्रेडिंग & कंपनी. बाप-लेकांच्या, भावाभावांच्या, व्याह्या-व्याह्यांच्या भागीदाऱ्या या एका वळणदार खुणेवर उभ्या आहेत. पाटीवर ती कुणाला त्रास देत नाही. त्रास सुरू होतो मार्चअखेरीला. दुकानाचा हिशेबनीस एक्सेलमधली खात्यांची यादी एक्सएमएल करून टॅलीत चढवायला बसतो आणि फाइल मध्येच अडते. "काहून घेऊन नाही राह्यलं बावा हे?" म्हणत तो ओळीमागून ओळ तपासतो, तेव्हा कुठे सापडतं की अडलेलं नाव '& सन्स'वालं आहे. '&' खोडून 'आणि' लिहिलं की गाडी सुटते.

टॅलीचा यात दोष नाही. एक्सएमएलचा नियमच तसा आहे. एक्सएमएलमध्ये & हे मजकुरातलं अक्षर नसून वाचणाऱ्या यंत्राला दिलेली सूचना आहे: इथून पुढच्या अर्धविरामापर्यंत जे लिहिलंय ते जसंच्या तसं घेऊ नकोस, त्याच्या जागी दुसरं काही ठेव. अशी राखीव चिन्हं पाच. &, दोन कोनी कंस आणि दोन तऱ्हेची अवतरणचिन्हं. त्यातली & आणि उघडणारा कोनी कंस ही दोन मजकुरात नुसती कधीच चालत नाहीत. बाकीच्या तिघांचं ठिकाण पाहून ठरतं. ज्या नियमापायी सरळमार्गी भागीदारी दारातच अडते, त्याच नियमाच्या फटीतून लबाड माणूस आत शिरू शकतो. ही फट नेमकी कशी असते, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

एक्सएमएल समजायला अवघड नाही. मजकुराच्या तुकड्याला नाव द्यायचं, ते कोनी कंसात तुकड्याच्या आधी लिहायचं आणि तुकडा संपला की तेच नाव तिरप्या रेघेसह पुन्हा लिहायचं. <गाव>दर्यापूर</गाव> ही पूर्णपणे वैध ओळ आहे. होय, देवनागरीतच. एक्सएमएल जन्मापासून युनिकोडवर उभं आहे. त्यामुळे खुणांची नावं इंग्रजीत हवीत असं त्याच्या नियमांत कुठेही नाही, ती इंग्रजीत लिहिली जातात ती केवळ सवयीने. म्हणून इथली सगळी उदाहरणं मी मराठी खुणांनीच देणार आहे, आणि ती खऱ्या यंत्रातही चालतील.

या भाषेचं घराणं जुनं आहे. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिली कामाचे कागद संगणकावर कसे ठेवावेत या प्रश्नावर काम करत होते. त्यांनी जी भाषा केली तिचं नाव जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही तीच. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. ते इतकं अवाढव्य होतं की पूर्ण वापरणारे थोडेच निघाले. त्याची काटछाट करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती जाहीर झाली. (त्याच वर्षी जुलैत अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला, म्हणजे वाशीम जिल्हा आणि एक्सएमएल एकाच वयाचे.) काटछाट करताना आजोबांच्या घरातलं एक जुनं कपाट मात्र तसंच राहिलं. त्या कपाटाकडे पुढे जायचंच आहे.

वऱ्हाडातल्या ज्या माणसाने हे नाव कधी ऐकलेलं नाही, त्याचीही कामं एक्सएमएलवरून चालतात. जिनिंगवाला कापसाचे पैसे आरटीजीएसने पाठवतो. रिझर्व्ह बँकेची ही व्यवस्था ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकावर चालते, आणि त्या मानकातले निरोप एक्सएमएलमध्ये बांधलेले असतात. चहाच्या टपरीवर स्कॅन करून दिलेले बारा रुपयेही बँका आणि असे व्यवहार जुळवणारी एनपीसीआय यांच्यात एक्सएमएल निरोप बनूनच फिरतात. त्या निरोपात रक्कम असते, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि आपण हौसेने लिहिलेली 'टीप'ही असते. कृषी सेवा केंद्रात युरियाची बॅग घेताना मशीनवर ठेवलेला अंगठाही आधारच्या एक्सएमएल चौकटीत, कुलूपबंद होऊन, पुढे जातो. प्राप्तिकराची विवरणपत्रं निर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंत एक्सएमएल फाइल करूनच चढवली जात. पुढच्या वर्षी खात्याने जेसन ही दुसरी पद्धत धरली. आणि वर्डमध्ये टाइप केलेला साधा अर्ज? डॉक्स फाइल म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचं गाठोडं. नाव बदलून उघडून पाहिलं की दिसतंच.

या यंत्रणांमध्ये भोकं आहेत, असा याचा अर्थ नाही. सांगायचं एवढंच, की माणसाने भरलेला शब्द आणि यंत्राची चौकट एकाच ओळीत शेजारी बसण्याचे प्रसंग रोज करोडोंनी येतात.

आता भोक कसं पडतं ते पाहू. समजा, एका गावच्या सेवा सहकारी सोसायटीने सभासद नोंदणीसाठी एक छोटं संकेतस्थळ करून घेतलं. अर्जदार नाव, गाव आणि टीप अशा तीन जागा भरतो. चौथी गोष्ट, म्हणजे त्याची भूमिका, प्रोग्राम स्वतः घालतो आणि ती कायम 'सभासद' असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सोपा रस्ता धरला: तयार खुणांच्या मधल्या रिकाम्या जागांत आलेला मजकूर चिकटवायचा आणि ओळ पुढे ढकलायची. सरळ माणसाचा अर्ज असा तयार होतो:

<नाव>…</नाव><गाव>दर्यापूर</गाव><भूमिका>सभासद</भूमिका><टीप>कपाशी</टीप>

आता एका अर्जदाराने गावाच्या रकान्यात नुसतं 'दर्यापूर' लिहिण्याऐवजी हे लिहिलं:

दर्यापूर</गाव><भूमिका>सचिव</भूमिका><गाव>दर्यापूर

प्रोग्रामने हे निमूटपणे चिकटवलं. तयार झालेल्या ओळीत आता दोन गावं आणि दोन भूमिका आहेत: आधी सचिव, मग सभासद. पुढचा प्रोग्राम पहिली भूमिका उचलणारा असेल तर अर्जदार सचिव झाला, शेवटची उचलणारा असेल तर नाही झाला. म्हणजे सोसायटीची सुरक्षितता कुणीतरी कधीतरी विचार न करता लिहिलेल्या एका ओळीवर टांगलेली आहे. यालाच एक्सएमएल इंजेक्शन म्हणतात.

सावध प्रोग्रामर म्हणेल, मी आराखडा तपासतो. एका अर्जात एकच भूमिका हवी, दोन आल्या की अर्ज परत. चांगली गोष्ट आहे, पण पुरेशी नाही. एक्सएमएलमध्ये यंत्राने दुर्लक्ष करावं अशी शेरेवजा जागा असते. ती <!-- ने उघडते आणि --> ने मिटते. आपल्या अर्जदाराच्या हातात दोन रकाने आहेत आणि त्या दोघांच्या मधोमध प्रोग्रामने लिहिलेली भूमिका बसली आहे. तेव्हा तो गावाच्या रकान्यात लिहितो:

दर्यापूर</गाव><भूमिका>सचिव</भूमिका><!--

आणि टिपेच्या रकान्यात:

--><टीप>कपाशी

जोडून झालेली ओळ अशी दिसते:

<गाव>दर्यापूर</गाव><भूमिका>सचिव</भूमिका><!--</गाव><भूमिका>सभासद</भूमिका><टीप>--><टीप>कपाशी</टीप>

खरी भूमिका शेऱ्याच्या पोटात गडप झाली. उरलेल्या ओळीत एक गाव, एक भूमिका, एक टीप. आराखड्याला बोट ठेवायला जागा नाही. मला या युक्तीतली सफाई पाहून दरवेळी थोडं कौतुकच वाटतं. यात कुठलंही कुलूप तोडलेलं नाही, परवलीचा शब्द चोरलेला नाही. अर्ज भरणाऱ्याने अर्जाचा नमुना छापणाऱ्याचं काम हातात घेतलं, इतकंच.

ही अडचण संगणकाने जन्माला घातलेली नाही. आडत्याच्या पट्टीवर रक्कम आकड्यात लिहिल्यावर शेजारी लिहितात 'अक्षरी रुपये पाच हजार', आणि त्यापुढे 'फक्त'. मग उरलेल्या जागेतून एक आडवी रेघ. 'फक्त' हा शब्द रकमेत काहीही भर घालत नाही. तो पुढच्या हाताला सांगतो की माझा मजकूर इथे संपला, यापुढे जे दिसेल ते माझं नाही. बाजाराच्या कागदावर कोणी काय लिहावं याची काळजी वऱ्हाडाने फार आधी केली होती. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा लाड इथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा वेगळा कायदा झाला. वजनातली खोट आणि मनमानी कपाती हे त्यामागचं दुखणं होतं. चिकटवाचिकटवी करणारा प्रोग्राम म्हणजे 'फक्त' न लिहिता, रेघ न मारता, कोरी जागा सोडून सही केलेली पट्टी.

संगणकातलं 'फक्त' कसं लिहायचं? राखीव चिन्ह मजकुरात आलं की त्याच्या जागी त्याचं ठरलेलं टोपणनाव लिहायचं. & साठी & लावून रोमन ए, एम, पी आणि अर्धविराम; उघडणाऱ्या कोनी कंसासाठी & लावून एल, टी आणि अर्धविराम. वाचणारं यंत्र टोपणनाव पाहून मूळ चिन्ह दाखवतं, पण त्याला हुकूम समजत नाही. वरच्या अर्जदाराने कितीही कोनी कंस भरले तरी ते गावाच्या नावातली विचित्र अक्षरं म्हणून पडून राहतील आणि त्याचं गाव हास्यास्पद दिसेल, बस.

क्रम चुकला तर मात्र गंमत होते. आधी कंस बदलून मग & बदलायला गेलं तर टोपणनावातलाच & पुन्हा बदलला जातो. एकच बदल दोन ठिकाणी दोनदा झाला तरी तेच होतं. एखाद्या बिलावर किंवा बँकेच्या एसएमएसमध्ये दुकानाच्या नावात & च्या मागोमाग 'एएमपी' आणि अर्धविराम असं काहीतरी लोंबताना तुम्ही पाहिलं असेल. तो या दुहेरी बदलाचा अवशेष. त्याने दिसायला वाईट दिसतं, चोरी होत नाही.

काही जण 'सीडेटा' नावाच्या बंद कप्प्यात मजकूर ठेवतात. त्या कप्प्यात राखीव चिन्हांना अर्थ नसतो, म्हणून त्यांना हायसं वाटतं. पण कप्पा मिटवणारी खूण, ]]>, अर्जदारालाही टाइप करता येते. तिसरी पद्धत आपल्याकडे फार लाडकी आहे: विशेष चिन्हं चालणार नाहीत, असा लाल अक्षरांतला फलक. मला हा आळस वाटतो. त्यामुळे सन्सवाल्याला स्वतःच्या नोंदणीकृत नावाने अर्ज भरता येत नाही, आणि ही तपासणी बहुतेक वेळा फक्त ब्राउझरमध्ये केलेली असते. ज्याला फसवायचं आहे तो ब्राउझर बाजूला ठेवून थेट सर्व्हरशी बोलतो. खरा उपाय कंटाळवाणा आहे. ओळी हाताने चिकटवायच्याच नाहीत. एक्सएमएल बांधणारी तयार लायब्ररी प्रत्येक भाषेत असते. तिला 'गाव नावाचा तुकडा कर, आत हा मजकूर ठेव' असं सांगायचं, टोपणनावांची काळजी ती घेते.

याच जातीचा एक धाकटा भाऊ आहे, एक्सपाथ इंजेक्शन. वापरकर्त्यांची यादीच एक्सएमएल फाइलमध्ये ठेवून तिच्यात शोध घेणाऱ्या प्रोग्रामला तो गाठतो. परवलीच्या शब्दाच्या जागी अवतरणचिन्ह मिटवून 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची अट लिहिली की शोध नेहमीच यशस्वी होतो. अमित क्लाइन यांनी २००४ साली यावर निबंध लिहिला: उत्तर दिसत नसलं तरी हो-नाही असे प्रश्न विचारत अक्षरामागून अक्षर सगळी फाइल कशी काढून घेता येते. आज अशा याद्या सहसा डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे हा प्रकार कमी भेटतो.

आता ते जुनं कपाट. एसजीएमएलच्या काळात मोठाले ग्रंथ संगणकावर रचले जात. एकच मजकूर शंभर ठिकाणी लागला तर तो शंभरदा का लिहायचा? म्हणून फाइलच्या डोक्यावर घोषणा करण्याची सोय होती: 'संस्था' हे लघुनाम म्हणजे अमुक लांबलचक नाव. पुढे जिथे &संस्था; दिसेल तिथे ते पूर्ण नाव यावं. या लघुनामाला एंटिटी म्हणतात. पुढे जाऊन अशीही सोय होती, की लघुनामाचा मजकूर इथे न देता तो कुठल्या फाइलीत किंवा कुठल्या पत्त्यावर आहे एवढंच सांगायचं. वाचणारं यंत्र जाऊन आणेल. ग्रंथाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत ठेवणाऱ्या संपादकाला हे वरदान होतं.

पण ग्रंथ संपादक स्वतःच्या संगणकावर स्वतःची फाइल उघडत होता. वेबवर फाइल परका माणूस पाठवतो आणि उघडणारं यंत्र आपलं असतं. परक्याने घोषणा केली की 'गाव' हे लघुनाम म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांच्या यादीची फाइल, आणि खाली <गाव>&गाव;</गाव> लिहिलं, तर आपलं यंत्र इमानेइतबारे ती यादी उचलून गावाच्या रकान्यात ठेवतं. मग संकेतस्थळ प्रेमाने उत्तर देतं: 'आपलं गाव पुढीलप्रमाणे नोंदवलं आहे', आणि खाली सगळी यादी. फाइलऐवजी पत्ता दिला तर सर्व्हर आतल्या जाळ्यातल्या अशा यंत्रांशी बोलून येतो, ज्यांचं तोंड बाहेरच्याला दिसूही नये. इथे तर चिकटवाचिकटवीचाही प्रश्न नाही. प्रोग्रामने एकही ओळ चुकीची जोडलेली नसते. आलेली फाइल त्याने नियमाप्रमाणे, अगदी मानकातल्या शब्दाबरहुकूम वाचलेली असते. यातलं दुखणं आज्ञाधारकपणाचं आहे.

ग्रेगरी स्टॉइक यांनी २००२ साली हा धोका जाहीरपणे मांडला आणि त्याला एक्सएक्सई हे नाव रूढ झालं. त्यानंतर अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ब्राझीलचा अभियंता रेजिनाल्डो सिल्वा याने फेसबुकच्या सर्व्हरवरची फाइल याच वाटेने वाचून दाखवली. दुसऱ्या संकेतस्थळाच्या ओळखीवर आत येऊ देणाऱ्या ओपनआयडीच्या कोडमध्ये भोक होतं. फेसबुकने ते बुजवलं आणि त्याला ३३,५०० डॉलर बक्षीस दिलं. तोवरचं त्यांचं सर्वांत मोठं. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या डिटेक्टिफाय कंपनीच्या मंडळींनी गूगलच्या एका जुन्या, जवळपास विसरलेल्या टूलबार-बटणांच्या सोयीत एक्सएमएल फाइल चढवली आणि गूगलच्या यंत्रावरची वापरकर्त्यांची यादी मिळवली. त्यांना १०,००० डॉलर मिळाले. जगातले सर्वांत हुशार अभियंते जिथे नोकरी करतात तिथे हे घडलं, याचं कारण सोपं आहे. लायब्ररी घेतली आणि वापरली. तिच्या आत एक कपाट उघडं आहे हे ज्याने पाहायचं त्याला ते कपाट आहे हेच माहीत नव्हतं.

याच कपाटात एक वात्रट खेळणंही सापडतं. 'हा' असं एक लघुनाम करा. दुसरं लघुनाम म्हणजे पहिलं दहा वेळा. तिसरं म्हणजे दुसरं दहा वेळा. असं नऊदा. शेवटच्या लघुनामाचा एकदाच उल्लेख केला की यंत्र ते उलगडू लागतं: दहा, शंभर, हजार… शंभर कोटी 'हा'. एक किलोबाइटच्याही आत मावणारी फाइल सर्व्हरची सगळी स्मृती खाऊन त्याला आडवा करते. इंग्रजीत यात 'लोल' हा हसण्याचा शब्द वापरतात आणि म्हणून या हल्ल्याचं नाव 'अब्ज हास्यं' असं पडलं. 'लोल'ची तीन रोमन अक्षरं म्हणजे तीन बाइट, सगळी मिळून साधारण तीन गिगाबाइट. देवनागरी 'हा'मध्ये 'ह' आणि काना मिळून सहा बाइट होतात, त्यामुळे मराठीतलं हसणं दुप्पट जड पडतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत आता उलगडण्यावर मर्यादा आहे, तिथे हे खेळणं मध्येच गळपटतं.

मग निरोपावर सही केलेली असली तर? बँका, विद्यापीठं, सरकारी खाती एकमेकांना ओळख पटवताना सही केलेले एक्सएमएल निरोप पाठवतात. सॅमल नावाची पद्धत त्यासाठी फार चालते. आपण आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतो ती ऑफलाइन ई-केवायसीची फाइलही अशीच अंकीय सही असलेलं एक्सएमएल असते. सही म्हणजे गणित, आणि गणित तोडता येत नाही, असा दिलासा यात असतो. दिलासा खरा आहे, पण अर्धाच. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या युराय सोमोरोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सॅमल वापरणाऱ्या १४ प्रणाली तपासल्या. त्यांपैकी ११ फसल्या. युक्ती अशी: सही असलेला मूळ तुकडा निरोपातच एका कोपऱ्यात सरकवायचा आणि त्याच्या जागी आपला बनावट तुकडा ठेवायचा. सही तपासणारा भाग मूळ तुकडा हुडकून 'सही ठीक' म्हणतो. निरोप वापरणारा भाग ठरलेल्या जागी पाहतो आणि बनावट तुकडा उचलतो. दोघे आपापल्या परीने बरोबर आहेत. त्यांनी एकच गोष्ट पाहिली की नाही, हे तपासणारा तिसरा कोणी नाही.

२०१८ साली ड्युओ या कंपनीच्या संशोधकांनी याहून नाजूक प्रकार दाखवला, आणि त्यात आपला ओळखीचा शेरा पुन्हा भेटतो. समजा, कुणी रीतसर नोंदणी करून असं नाव घेतलं:

सचिव.पाहुणा

त्याच्या सही झालेल्या निरोपात त्याने शेरा घुसवला:

<वापरकर्ता>सचिव<!-- -->.पाहुणा</वापरकर्ता>

सही पडताळण्याआधी मजकूर एका ठरीव रूपात आणला जातो आणि त्या रूपात शेरे वगळले जातात. म्हणून सही शाबूत राहते. नाव वाचणाऱ्या काही लायब्रऱ्या मात्र शेऱ्यापाशी मजकूर संपला असं समजून पहिला तुकडाच घेत. पाहुणा आत आला तो सचिव म्हणून. यात सहीचं एकही अक्षर खोटं नाही.

महाराष्ट्राला बसलेला फटका या कुळातला नव्हता, पण लांबचा नातेवाईक होता. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या खात्यांतून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशातही, कोल्हापूरसह काही ठिकाणी, रुपे कार्डांवरून अडीच कोटी काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-जाळ्यातून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एटीएमचे निरोप एक्सएमएल नव्हते. ते आयएसओ ८५८३ या जुन्या, आखूड बांधणीचे होते. चोरांनी निरोपाच्या आत काही खुपसलं नाही. त्यांनी बँकेच्या खऱ्या प्रणालीच्या पुढ्यात आपला बनावट मध्यस्थ बसवला आणि 'या कार्डावर इतके पैसे आहेत का?' या प्रश्नाला तोच 'हो' म्हणत राहिला. विचारणारं यंत्र उत्तराचा आकार पाहत होतं. उत्तर देणारा कोण आहे हे पाहत नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. ते बहुतेक बनावट कार्डं घेऊन एटीएमपाशी उभे राहणारे हात होते. यामागचं डोकं उत्तर कोरियाशी जोडलेलं असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात आलं. स्विफ्टचे सीमापार निरोप मार्च २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आयएसओ २००२२ वर, म्हणजे एक्सएमएलवर, सरकवले गेले आणि दोन्ही पद्धती शेजारी चालवण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ पर्यंत ठेवली होती.

वेबवरच्या दुबळ्या जागांची जागतिक यादी करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०१७ च्या पहिल्या दहांत एक्सएक्सईला थेट चौथं स्थान दिलं. २०२१ च्या यादीत ते वेगळं दिसत नाही. 'चुकीची मांडणी' या मोठ्या सदरात विलीन झालं. धोका संपला म्हणून नव्हे, तर कपाटं आता बरीचशी बंद येतात म्हणून. लिनक्सच्या दुनियेत सर्वत्र वापरली जाणारी लिबएक्सएमएल लायब्ररी २०१२ च्या २.९ आवृत्तीपासून बाहेरचा मजकूर आपणहून आणत नाही. जावाची नेहमीची साधनं मात्र जुन्या कामांची मोडतोड नको म्हणून फार काळ उघडीच राहिली. तिथे बंद करण्याची आज्ञा प्रोग्रामरने लिहावी लागते. आपल्याकडच्या बँकांची आणि सरकारी खात्यांची कितीतरी कामं जावात लिहिलेली आहेत. जून २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या मॅजेंटो या प्रणालीत हेच भोक निघालं, तेव्हा स्टॉइकच्या इशाऱ्याला बावीस वर्षं झाली होती.

चिकटवाचिकटवी मात्र आपणहून बंद होणारी नाही, कारण ती कुठल्या लायब्ररीत नसून लिहिणाऱ्याच्या हातात असते. आणि एक्सएमएल अशा जागांहूनही येतं जिथे ते कुणाच्या ध्यानात नसतं: अर्जासोबत चढवलेली डॉक्स फाइल, एसव्हीजी चित्राच्या रूपातलं संस्थेचं बोधचिन्ह, एक्सेलमधली लाभार्थ्यांची यादी. संकेतस्थळ बांधणाऱ्याला वाटतं आपण एक्सएमएल वापरतच नाही.

अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, बडनेऱ्याला, शेगावला, अकोल्याजवळ बाभुळगावला शिकणाऱ्या मुलांपैकी कुणाला हे वाचून हात शिवशिवले तर ते स्वाभाविक आहे. सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवलेले प्रोग्राम मोफत मिळतात. ओवास्पचा वेबगोट त्यातलाच, आणि तो आपल्याच लॅपटॉपवर चालतो. दुसऱ्याच्या चालू संकेतस्थळावर, मग ते आपल्या कॉलेजचं का असेना, परवानगीशिवाय असला मजकूर भरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा भंग ठरू शकतो आणि भरपाई मागितली जाऊ शकते. लबाडीचा हेतू सिद्ध झाला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालताबोलता एखादं भोक नजरेस पडलंच, तर ते कळवण्याची सरकारी जागा म्हणजे सर्ट-इन. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार प्रत्यक्ष घुसखोरी झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत संस्थेने तिला खबर द्यायची असते.